वरवंट्याची रेघ

आमच्या घरातल्या वरवंट्यानं पहिला श्वास घेतला तेव्हा दुपारचे दोन वाजून सतरा मिनिटं झाली होती. ही वेळ मी आठवून सांगत नाही, ती फाइलमध्ये नोंदलेली आहे. घरात मी होते, चार महिन्यांची राजनंदिनी जमिनीवर गोधडीत झोपली होती आणि वरवंटा तिच्या झोळीत होता. तिथं तो मीच ठेवला होता.

का ठेवला, ते आधी सांगते. मी स्नेहल. रसायनशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ग्राफिनच्या कामावर लागले. ग्राफिन म्हणजे पेन्सिलीच्या शिशातलाच कार्बन, पण एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. लग्न ठरताना मी गोरखला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कौतुकानं सांगितलं होतं की याच्या एका ग्रॅमचा एकेरी थर अंथरला तर तेरा गुंठे झाकतील. तो म्हणाला, "मग आमच्या वरच्या खाचराला एक ग्रॅम पुरं. उगवतंय का तेवढं बघ." गोरखचं मार्गासनीला पाण्याच्या जळलेल्या मोटारींचं वाइंडिंग भरायचं दुकान आहे, घर विंझरला. बाळंतपण माहेरी झालं आणि तिसऱ्या महिन्यात मी बाळाला घेऊन विंझरला आले.

प्रयोगशाळेत आम्ही ग्राफाइटची पूड आम्लात घालून तिचे पापुद्रे सुटे करायचो. पाण्यात ते चहासारखे तपकिरी दिसतात. त्यात व्हिटॅमिन सी टाकून तापवलं की काळे होतात, आणि ते काळं एखाद्या मऊ रबरी पट्टीवर सुकवलं की पट्टीतून वीज वाहते. पट्टी केसभर ताणली तरी आतले पापुद्रे एकमेकांवरून सरकतात, विजेला अडथळा वाढतो आणि मोबाईलवरची रेघ वर चढते. अशी पट्टी श्वासाबरोबर हलणाऱ्या कशालाही लावा. छाती फुगली की रेघ वर, बसली की खाली.

मला ती रेघ हवी होती, कारण चाळिसाव्या दिवशी माझ्या माहेरी राजनंदिनी झोपेत थांबली होती. पोट हलेना. ओठांच्या कडा जांभळ्या झाल्या. मी तळपायाला टिचकी मारली तशी ती दचकून रडायला लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, तान्ह्या बाळांचा श्वास असा पाच-सात सेकंद अडतो, परत सुरू होतो, काही नाही. "तुम्ही फार बघत बसू नका." त्या दिवसापासून मी दुसरं काही केलेलं नाही.

प्रयोगशाळेतल्या आमच्या नूतन मॅडमना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी दोन पट्ट्या आणि नोंदी ठेवणारी एक डबी घरी पाठवली. अट एकच घातली, बाळाच्या अंगाला लावायची नाही. म्हणून मी पट्टी झोळीच्या बुडाला बाहेरून शिवली. झोळी म्हणजे सासूबाईंचं जुनं लुगडं, तुळईला बांधलेलं. धुऊन धुऊन इतकं मऊ झालेलं की बाळानं श्वास घेतला तरी ते ताणायचं.

पहिल्याच दिवशी रेघेत थांबे दिसले. सात सेकंद. नऊ सेकंद. एकदा अकरा.

गोरखनं मीटर लावून वायरी तपासल्या. "लूज कनेक्शन असणार गं. आमच्याकडं दहातल्या आठ मोटारी त्याच्यापायीच येत्यात."

"आणि उरलेल्या दोन?"

"त्या जळलेल्या," असं म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

सासूबाई, धोंडाबाई, चुलीपुढून म्हणाल्या, "लेकराकडं बगावं का रेघंकडं? लेकरू हसलं तरी तुजं ध्यान मोबाईलात."

"आई, ती झोपेत थांबते."

"झोपंत कोन थांबत न्हाई? तुजे सासरे घोरता घोरता थांबायचे. आमी म्हनायचो, गेलं वाटतं. की परत घुर्रर्र."

त्या हसल्या. मलाही हसू आलं, पण रेघ डोळ्यांपुढून जाईना.

नूतन मॅडमनी नोंदी बघितल्या आणि मला शिस्तीत आणलं. "हे थांबे बाळाचे की पट्टीचे, कशावरून? तेवढ्याच वजनाची निर्जीव वस्तू झोळीत ठेव. तिची रेघ सरळ आली तरच बाळाच्या रेघेवर विश्वास ठेवायचा. आणि या पट्टीला दोन गोष्टी कळतात, विसरू नकोस. ताण तर कळतोच, पण पाण्याचा रेणू चिकटला तरी तिचा अडथळा बदलतो. दोन्ही वेगळे कर."

मी वेगळे केले. झोळीच्या बुडाच्या पट्टीवर सिलिकॉनचा पातळ थर दिला, म्हणजे तिला ओल लागणार नाही, फक्त ताण कळेल. दुसरी पट्टी काचेवर चिकटवली, म्हणजे ती ताणली जाणार नाही, फक्त दमट हवा कळेल. ती काच झोळीच्या डोक्याकडच्या काठाला बांधली, जिथं बाळाचं नाक येतं. एका डबीत दोन रेघा. एक ताणाची, एक काचेची.

आता वजन. राजनंदिनी पाच किलो सहाशे. घरात तेवढं एकच काही होतं, मसाला वाटायचा थोरला वरवंटा, सासूबाईंच्या सासूच्या वेळचा. ताणकाट्याला टांगला तर पाच किलो साडेपाचशे. सासूबाई मळणीला खळ्यावर गेल्या होत्या. मी आधी रिकामी झोळी अर्धा तास ठेवली. दोन्ही रेघा सरळ. मग बरोबर दोन वाजता वरवंटा झोळीत निजवला. निजवला असंच म्हणते, कारण हात आपोआप तसेच वळले, डोकं आधी टेकवून.

सतरा मिनिटं दोन्ही रेघा सरळ होत्या. मग काचेची रेघ हलली.

एक लाट आली. तिच्यामागून दुसरी. मी मोजल्या. मिनिटाला चौतीस. बाळाचा वेग तोच असतो.

मी उठून दाराशी गेले. वीज गेलेली होती, म्हणजे पंखा बंद. खिडकी लावली. तोंडावर पदर धरून श्वास रोखला. राजनंदिनी पाच हात लांब, भिंतीकडं तोंड करून झोपलेली. काचेची रेघ वर-खाली, वर-खाली. ताणाची रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ. म्हणजे झोळीत काहीच हलत नव्हतं, पण झोळीच्या तोंडाशी ओलसर श्वास येत-जात होता.

जवळ जाऊन वाकून पाहिलं. काचेच्या कोपऱ्यावर ज्वारीच्या दाण्याएवढं धुकं यायचं आणि विरायचं. यायचं आणि विरायचं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण आधी वाटलं ते वेगळंच. त्या रेघेत एकही थांबा नव्हता. इतका एकसारखा श्वास मी माझ्या मुलीचा कधी पाहिला नव्हता. मला त्या दगडाचा हेवा वाटला.

सासूबाई आल्या तेव्हा मी तशीच उभी होते. डोक्यावरचा पेंढा त्यांनी अंगणात टाकला, आत आल्या, झोळीत डोकावल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ह्यो हितं कुनी घातला?"

"मीच. वजनासाठी, आई. पट्टी तपासायला."

"नाव घेतलंस?"

"कुणाचं?"

"कुनाचं म्हंजी? पोरीचं! का नुसताच घातला, मोकळा?"

मला काही समजेना. त्यांनी मला खाली बसवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. बारशाला पाळण्यात बाळाआधी वरवंटा जातो, हे मलाही माहीत होतं. टोपरं घालून, कुंची बांधून. त्याला बाळाचा थोरला भाऊ म्हणतात, दगडासारखं आयुष्य लाभावं म्हणून. पण त्यांच्या घरात याच्या पुढं आणखी एक होतं. बाळाचं नाव आधी दगडाच्या कानात सांगायचं. त्या नावाला हाक मारत जे काही येईल ते दगडापाशी येऊन थांबतं. आणि त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत, त्या वरवंट्यानं हळद वाटायची. हळद वाटली की तो परत दगड होतो.

"तुमी बारसं केलं पुन्याच्या हालमदी," त्या म्हणाल्या. "पाळण्यात काय घातलं? बाहुली! पिलास्टिकची!"

"हॉलवाल्यांनी दगड नको म्हटलं होतं, फरशी फुटेल म्हणून."

"तवा म्या गप्प बसले. म्हनलं, शिकलेली मानसं. आन आता तू दगड घातलास तो बिननावाचा. त्याला ठावंच न्हाई त्यो कोन हाय. झोळीत निजला म्हंजी श्वास घ्यायचा, येवडंच त्याला ठावं."

मी त्यांना मोबाईल दाखवला नव्हता. श्वासाचं एक अक्षर बोलले नव्हते.

"आई, तुम्हाला कसं कळलं, तो..."

"तुज्या तोंडाकडं बगून." त्यांनी वरवंटा दोन हातांनी उचलला. पाट्यावर ठेवला नाही. कोपऱ्यात, धान्याच्या कणगीपाशी उभा केला. "माज्या आदीची दोन गेली हुती. मग मला धोंडा म्हनले. धोंड्याला कोन नेतंय? असली गंमत न्हाई करायची, बाय."

नूतन मॅडमना मी रेघ पाठवली. त्या हसल्या. "स्नेहल, तुझाच श्वास आहे तो. नाही तर गार दगडावर हवा गार होते, ओल धरते. ग्राफिनला इतकं कमी पुरतं की आपल्याला खरं वाटत नाही. छान निघालीय पट्टी."

"मिनिटाला चौतीस, मॅडम?"

"परत करून बघ," त्या म्हणाल्या. मी परत केलं नाही.

पण त्यांचं एक म्हणणं मला पटलं. दगड झोळीत असताना ताणाची रेघ सरळ आली होती, म्हणजे पट्टीत दोष नव्हता. म्हणजे थांबे बाळाचेच होते.

चौथ्या दिवशी दुपारी मी चुलीवर पाणी ठेवत होते, मोबाईल फडताळाला टेकवलेला. राजनंदिनी झोळीत. तीन वाजून सदतीस मिनिटांनी दोन्ही रेघा एकदम आडव्या झाल्या. मी मोजायला लागले, सवयीनं. आठ. नऊ. अकराला रेघ उठेल असं वाटलं. बाराला मी भांडं सोडलं. झोळीतून तिला उचलली तेव्हा मान लुळी पडली, ओठ निळे. तळपायाला टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. "राजी! ए राजी!" तिसरी टिचकी इतक्या जोरात मारली की माझं नख मोडलं. मग तिनं आचका दिला आणि रडली. फाइलमध्ये तेवीस सेकंद आहेत.

गोरखला फोन केला. तो म्हणाला, "निघालो," आणि कारण विचारलं नाही. शेजारच्या छायावहिनींची गाडी सांगितली. मी बाळाला छातीशी धरून दारात उभी होते, दर दोन सेकंदांनी तिच्या नाकाशी बोट नेत. मागं तुळई करकरली. सासूबाईंनी वरवंटा उचलून झोळीत ठेवला होता. राजनंदिनीचं लाल टोपरं त्याच्या गोल टोकावर चढवलं होतं.

"ये हिकडं. नाव सांग त्याच्या कानात."

"आई, आत्ता नको ना."

"आत्ताच. म्या सांगितलं तर चालत न्हाई. आत्या हितं न्हाई, तवा आईनंच सांगायचं."

मी शिकलेली आहे. दगडाला कान नसतो, हे मला कुणी सांगायला नको. मी हेही जाणत होते की ज्या घरात माझ्या मुलीचा श्वास आत्ता थांबला होता, तिथं माझी काहीही करायची तयारी होती. गाडीचा हॉर्न वाजला. मी झोळीत वाकले. वरवंटा माठासारखा गार होता. त्याच्या टोपऱ्याला ओठ लावून मी म्हणाले, "राजनंदिनी."

आणि आम्ही पुण्याला निघालो.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीनं माझ्या मोबाईलवरची रेघ दोनदा मागं-पुढं करून पाहिली. "हे आधी का नाही आणलंत?" बाळाला भरती केलं, छातीला यंत्र लावलं. रक्त कमी होतं, छातीत संसर्गाची सुरुवात होती. औषधं चालू झाली. आम्ही नऊ दिवस तिथं होतो आणि नऊ दिवस मी त्या यंत्राखाली बसून होते. पहिल्या संध्याकाळपासून तिचा श्वास एकदाही पाच सेकंदांहून जास्त अडला नाही. डॉक्टरीण म्हणाली, "औषध इतक्या लवकर लागू पडत नाही खरं तर. पण चांगलंच झालं की." गोरखनं तिथंच पेढे वाटले.

घरी आलो तेव्हा झोळी तशीच टांगलेली होती. तिच्यात वरवंटा, डोक्याला टोपरं, अंगावर दुपटं. डबीचा हिरवा दिवा लागलेला.

"डबी अजून चालू आहे?" मी विचारलं.

"लाल दिवा लागला की म्या वायर लावायचे. तूच सांगितलं हुतंस." सासूबाईंनी नातीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. "झोळी हलवली न्हाई म्या. रिकामी असल्यावानी धरली. पन न्हाई वाटत रिकामी."

त्या स्वयंपाकाला लागल्यावर मी फाइल उघडली. तीन वाजून बावन्न मिनिटांनी काचेच्या रेघेत एक उंच टोक होतं. तो माझा श्वास, नाव सांगतानाचा. मग रेघ खाली आली, सरळ झाली, आणि थोड्या वेळानं लाटा सुरू झाल्या. मिनिटाला चौतीस. पहिल्या दुपारसारख्याच. फक्त एक फरक होता. पाच वाजून दहा मिनिटांनी लाटा थांबल्या. नऊ सेकंद. परत सुरू. सहाच्या सुमाराला अकरा सेकंद. रात्री चौदा. नऊ दिवस, दिवसाला पंधरा-वीस थांबे. ताणाची रेघ पूर्ण वेळ सरळ.

दवाखान्याचा कागद मी शेजारी ठेवला. त्यात एकही नव्हता.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी भाकरी थापता थापता ऐकलं, नवल केलं नाही.

"हळद वाटायची राहिली," मी म्हणाले. "दिवस मावळायच्या आत वाटायची होती ना?"

"तू हुतीस कुठं? आईच्या देखत वाटायची असती. म्हनून थांबले." त्यांनी हात धुतले. "आज वाटू. हळद भिजवू का?"

"वाटली की तो परत दगड होणार."

"व्हय."

"मग हे थांबे कुठं जाणार?"

चुलीत ओलं लाकूड फुसफुसत होतं. "त्ये मला न्हाई ठावं, बाय. आमी कदी बगितलंच न्हाई. आमच्याकडं रेघ कुठं हुती?"

हळद आम्ही वाटली नाही.

याला आता सात आठवडे झाले. राजनंदिनी साडेसहा किलोची आहे, पालथी पडते आणि गोरखनं दुकानाच्या तारेनं बांधलेला खुळखुळा चघळते. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला लाकडी पाळण्यात झोपते, दवाखान्यानं दिलेलं छोटं यंत्र पायाला लावून. पुढच्या महिन्यात मी कामावर परत जाणार, बाळ आणि सासूबाई माझ्याबरोबर पुण्याला येणार. नूतन मॅडम काचेची फाइल मागतात. मी म्हणते, खराब झाली.

आम्ही पुण्याला गेल्यावर झोळीचं काय, हे अजून ठरलेलं नाही. छायावहिनी एकदा म्हणाल्या, "वरवंटा द्या की दोन दिवस, मसाला वाटायचाय." सासूबाईंनी त्यांना मिक्सरच देऊन टाकला. गोरख झोळीच्या बाजूनं जाताना आवाज न करता जातो, पण विचारलं तर म्हणतो, "लूज कनेक्शन."

मी मात्र रेघ बघते. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, सासूबाईंनी नको म्हटलं होतं, आणि आता तर बघायचं कारणच उरलेलं नाही. पण थांबे वाढताहेत. चौदाचे सतरा झाले, सतराचे एकोणीस. आठवड्याला एखाद-दुसरा सेकंद. यांना कुठं तरी शेवट असणार, आणि त्या दगडाला मी माझ्या मुलीचं नाव दिलं आहे.

काल दुपारी मी राजनंदिनीला भरवत होते. ती नाचणीचं सत्त्व गालाला फासून हसत होती. फडताळावर मोबाईल होता. काचेची रेघ आडवी झाली. मी चमचा धरून मोजू लागले. वीस. एकवीस. तेवीसला मी बाळाला सासूबाईंच्या मांडीवर दिलं. चोवीस. मी झोळीपाशी गेले, दुपटं वर केलं आणि वरवंट्याच्या तळाला टिचकी मारली. बोट झिणझिणलं. सव्वीस. दुसरी टिचकी जोरात मारली.

काचेच्या कोपऱ्यावर दाण्याएवढं धुकं आलं आणि विरलं. मी दुपटं सारखं केलं, आणि दुसरं येईपर्यंत तिथंच उभी राहिले.